डोंगरओढ्यांतील माशांची चढण

थंड प्रदेशातील डोंगरी झऱ्यांत राहणारा ट्राउट मासा अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जातो. परदेशातून आणून काश्मीर व निलगिरीच्या थंड पाण्यात त्याची वाढ करण्यात आली. चांदवडच्या उष्ण ओढ्यांत तो जगणार नाही. परंतु वर चढण्याची रीत येथील कित्येक माशांतही आहे.

सातमाळा रांगेच्या उत्तर उताराचे पाणी गिरणेस व दक्षिण उताराचे गोदावरीस मिळते. उन्हाळ्यात यांतील बहुतेक ओढे आटतात आणि मासे डोहांत तग धरून राहतात. पहिल्या पुराने पाणी गार व गढूळ होताच अंड्यांनी भरलेल्या माद्या आणि नर वर निघतात. मधल्या धारेशी ते झुंजत नाहीत. काठालगतच्या संथ पाण्यातून, दगडांच्या आडोशाला विसावा घेत ते पुढे सरकतात. काही लहान जाती तोंडाखालच्या चकतीने खडकाला चिकटून ओला कातळसुद्धा चढून जातात.

ही सारी घाई पाणी थोडे दिवस टिकते म्हणून. ट्राउटच्या अंड्यांस थंड पाण्यात उबण्यास महिना-दीड महिना लागतो. रोहू-कटल्यासारख्या उष्ण पाण्यातील माशांची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. वरच्या उथळ, गवताळ पाण्यात पिले वाढतात व ओसरत्या पाण्याबरोबर खाली डोहात येतात.

नेमक्या याच दिवसांत ओढ्याच्या अरुंद जागी आडवे जाळे लावले जाते. हाती येते ती एका दिवसाची भाजी. जाते ती पुढील वर्षाची मासळी. सुरुंग व विष यांचा तर विचारच नको. १८९७ च्या मत्स्य अधिनियमानेच ते गुन्हे ठरविले आहेत.

बंधारा हा दुसरा अडथळा होय. उभ्या भिंतीखाली मासे गोळा होतात आणि बगळ्यांचे भक्ष्य बनतात. नवीन बंधारा बांधताना सांडव्याच्या एका बाजूस मोठ्या दगडांचा खडबडीत, लांब उतार ठेवावा. ग्रामसेवकांनी ही गोष्ट आराखड्याच्या वेळीच सुचवावी, कारण मागाहून ती क्वचितच होते. उन्हाळ कांद्याच्या अखेरच्या पाण्यासाठी डोह तळापर्यंत उपसला जातो. गावातील सर्वांत खोल डोहात निदान कमरेइतके पाणी मृगापर्यंत राखावे.