फादरांच्या शाळेत पोरं काय शिकतात?



गोरेगाव हे मुंबईच्या उपनगरातले एक ठिकाण. पश्चिम रेल्वेवर ते लागते. स्टेशनच्या पूर्वेला आरे दूध वसाहत आहे, चित्रनगरी आहे. एके काळी इथे शेते आणि लहान लहान पाडे होते. आज माणसांची दाटी आहे. आपल्या गावांकडचेही पुष्कळ लोक पोटापाण्यासाठी तिकडे जाऊन राहिले आहेत.

त्यांची पोरे तिथल्या शाळांत जातात. काही मुले कॅथलिक शाळेत जातात. लोक तिला 'फादरांची शाळा' म्हणतात. या शाळेबद्दल गावात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "तिथं पोरगं साहेबासारखं इंग्रजी बोलतं." दुसरा म्हणतो, "नको रे बाबा! तिथं पोराला बाटवतात." दोघांनीही शाळेचे वेळापत्रक पाहिलेले नसते. म्हणून आज आपण तेच पाहू. सहावी, सातवी, आठवीची मुले तिथे शिकतात तरी काय?

शाळा कोणाची?

ख्रिस्ती लोकांत निरनिराळे पंथ आहेत. रोमच्या पोपना धर्मगुरू मानतात ते कॅथलिक. त्यांच्या पुजाऱ्यांना 'फादर' म्हणतात. व्रत घेतलेल्या बायांना 'सिस्टर' म्हणतात. चर्चच्या किंवा सिस्टरांच्या संस्था शाळा चालवतात. गोरेगावात सेंट थॉमस यांच्या नावाची शाळा आहे. थॉमस हे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. ते इसवी सन ५२ साली केरळात आले, असे तिकडचे ख्रिस्ती लोक मानतात.

कॅथलिक माणसे परकी आहेत असे समजू नका. वसईपासून मुंबईपर्यंतच्या जुन्या गावांत कॅथलिक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरची बोली मराठीच आहे. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' हा मोठा ग्रंथ मराठीत ओव्या रचून लिहिला. तो १६१६ साली छापून निघाला. अगदी अलीकडे, २०२० साली, उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२४ साली ते वारले.

या शाळांत फक्त ख्रिस्ती मुले असतात असेही नाही. हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी सर्वांची मुले एका बाकावर बसतात. शिक्षकही सर्व धर्मांचे असतात.

पुस्तके कोणाची?

आता मुख्य गोष्ट. शाळा फादरांची असली तरी पुस्तके फादरांची नसतात. जी शाळा महाराष्ट्र राज्याच्या मंडळाला जोडलेली आहे, तिथे सरकारने ठरवलेला अभ्यासक्रम शिकवावा लागतो. त्याची पुस्तके 'बालभारती' काढते. ही संस्था १९६७ साली पुण्यात सुरू झाली. आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही तिचीच पुस्तके असतात. फरक एवढाच की, इंग्रजी शाळेत तीच पुस्तके इंग्रजीतून असतात. दहावीची परीक्षाही दोघांची एकच.

काही कॅथलिक शाळा दुसऱ्या मंडळाच्या असतात. त्यांची पुस्तके वेगळी. म्हणून नाव घालण्याआधी विचारावे, "शाळा कोणत्या मंडळाची?"

राज्य मंडळाच्या शाळेत या वर्गांना असे विषय असतात: इंग्रजी, मराठी, हिंदी, गणित, विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल. शिवाय चित्रकला, हातकाम आणि खेळ.

हे विषय आपल्या कामाचे आहेत का? पाहा बरे.

सहावीच्या गणितात बँक आणि सरळव्याज येते. समजा, कोणी ५,००० रुपये दरसाल दर शेकडा १२ने घेतले. वर्षाचे व्याज ६०० रुपये. तेच पैसे सावकाराकडून महिना शेकडा ३ने घेतले, तर वर्षाचे व्याज १,८०० रुपये. तीनचा आकडा बारापेक्षा लहान दिसतो, पण तिप्पट पैसा खातो. मुलाला हे गणित आले तर सारे घर सावध होते.

२०१६ साली निघालेल्या सहावीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांची माहिती आहे. म्हणजे गोरेगावच्या चाळीत राहणारे पोर ग्रामसभेचा धडा शिकले. २०१७ साली निघालेल्या सातवीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचे स्वराज्य आहे, आणि भारताचे संविधान आहे. आठवीच्या २०१८च्या विज्ञानात क्षयरोग, डेंग्यू अशा रोगांची माहिती आहे. ही पुस्तके फादरांच्या शाळेला एक आणि आपल्या शाळेला दुसरी, असे नव्हते. पुस्तके वेळोवेळी बदलतात, पण बदलतात ती सर्वांचीच.

मग धर्म शिकवतात का?

होय, शिकवतात. लपवण्यासारखे त्यात काही नाही. पण कोणाला शिकवतात, हे समजून घ्या.

कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो. त्यात येशूच्या गोष्टी सांगतात. दहा आज्ञा शिकवतात. आईबापांचा मान राखावा, चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, अशा त्या आज्ञा आहेत. आपल्याकडे सोळा संस्कार सांगतात, तसे त्यांच्यात सात संस्कार आहेत. त्यांचा अर्थ मुलांना समजावतात.

त्या वेळी इतर धर्मांच्या मुलांना नीतीचा किंवा मूल्यशिक्षणाचा तास असतो. वक्तशीरपणा, श्रमाची प्रतिष्ठा, स्त्रीपुरुष समानता, दुसऱ्याच्या धर्माचा आदर असे विषय त्यात येतात. सरकारी शाळेतही मूल्यशिक्षण असतेच.

सकाळी शाळा भरताना प्रार्थना होते. कुठे ती सर्व धर्मांना चालेल अशी असते, कुठे ख्रिस्ती पद्धतीची असते. शाळेशाळेचा रिवाज वेगळा.

कायदा काय म्हणतो?

आपले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाले. त्यातली दोन कलमे इथे लक्षात ठेवावी.

पहिले, कलम ३०. ज्या समाजाची संख्या थोडी आहे, त्याला आपली शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. हा हक्क ख्रिस्ती लोकांना आहे. मुसलमान, शीख, बौद्ध, जैन, पारशी यांनाही आहे.

दुसरे, कलम २८. शाळेला सरकारची मान्यता असेल किंवा सरकारी पैसा मिळत असेल, तर तिथे कोणत्याही मुलावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. धार्मिक प्रार्थनेला बसण्याचीही सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल, तर आधी पालकाची संमती लागते.

ही दोन कलमे एकत्र वाचा. एक कलम शाळेचा हक्क राखते. दुसरे कलम तुमच्या मुलाचा हक्क राखते. एकाचा हक्क दुसऱ्याच्या आड येऊ नये, अशी ही सोय आहे.

पण 'संमती' म्हणजे काय? कागदावर तुमची सही. शाळेत नाव घालताना पालकापुढे अर्ज येतो. सोबत शाळेच्या नियमांचा कागदही असतो. ज्याला वाचता येत नाही, तो विचारतो, "साहेब, अंगठा कुठं करू?" कशावर अंगठा केला, ते त्याला ठाऊक नसते. मग पुढे कोणी काही सांगितले की तो घाबरतो. कधी खोट्या बातमीवर विश्वास ठेवून पोराची चांगली शाळा सोडवतो. कधी खरा हक्क असून गप्प बसतो. दोन्हीत नुकसान पोराचेच.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. अर्ज घरी आणा. सावकाश वाचा. धर्मशिक्षणाबद्दल त्यात काय लिहिले आहे, ते पाहा. अर्ज इंग्रजीत असेल तर शाळेला सांगा, "मराठीत समजावून द्या." यात लाजण्यासारखे काही नाही. विचारणारा पालक चांगल्या शाळेला हवाच असतो. मी पुष्कळ वर्षे शाळेत काम केले. जो बाप प्रश्न विचारी, त्याच्या पोराकडे मास्तरांचेही लक्ष जास्त राही.

खरी अडचण कोणती?

बाटण्याची भीती लोक बोलून दाखवतात. पण रोजची अडचण निराळीच आहे. ती आहे भाषेची. पोर दिवसभर इंग्रजीत शिकते. घरी आईबाप मराठी बोलतात. सातवीपर्यंत पोराला वाटू लागते, "माझ्या अभ्यासातलं यांना काय कळणार?" आईबापही मग वही उघडून पाहत नाहीत. पोर एकीकडे आणि घर एकीकडे, असे होते.

यावर उपाय आहे. २०२० साली महाराष्ट्रात कायदा झाला. शाळा कोणत्याही माध्यमाची आणि कोणत्याही मंडळाची असो, मराठी विषय शिकवलाच पाहिजे. म्हणजे फादरांच्या शाळेतल्या पोराच्या दप्तरातही मराठीचे पुस्तक असतेच. ते तुम्हाला वाचता येते! रोज रात्री जेवणे झाल्यावर त्यातला एक धडा पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचा आणि त्याला ऐकू द्या. तुमचे कुठे अडले तर ते सांगेल. त्याचे कुठे अडले तर शब्दाचा अर्थ तुम्ही सांगाल. चाड, तिफण, कणगी हे शब्द शहरातल्या पोराला कुठून ठाऊक असणार? ते तुमच्यापाशी आहेत.

गणित, इतिहास आणि विज्ञान यांचीही बालभारतीची मराठी पुस्तके मिळतात. धडे तेच असतात. एक संच घरी ठेवला, तर पोर काय शिकते ते तुम्हालाही कळेल.

एवढे करा

तुमचे किंवा तुमच्या भावकीतले पोर अशा शाळेत जात असेल, तर चार गोष्टी करा.

१. शाळा कोणत्या मंडळाची आहे, ते विचारा.
२. वेळापत्रक मागून घ्या. कोणत्या तासाला काय शिकवतात, ते स्वतः वाचा.
३. अर्ज पुरता वाचल्याशिवाय सही करू नका.
४. रोज पोराबरोबर मराठीचा एक धडा वाचा.

मग पारावर कोणी म्हणाला, "तिथं असं शिकवतात, तिथं तसं शिकवतात," तर त्याच्याशी भांडू नका. वेळापत्रकाचा कागद त्याच्यापुढे ठेवा. त्याला वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा.