पाण्याच्या मागे जाऊ नका

रानात वाट चुकली तर ओढा गाठावा आणि पाण्याच्या कडेकडेने खाली उतरत जावं. ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी कुठेतरी गाव लागतंच. शाळेच्या शिबिरात नाहीतर एखाद्या साहसकथेत हा सल्ला बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. तो खोटा आहे असं कुणी म्हणू नये, कारण त्याने एका मुलीचा जीव वाचवलेला आहे. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूमध्ये लिमाहून पुकाल्पाला निघालेलं विमान वादळात वीज पडून हवेतच मोडलं. सतरा वर्षांची युलियाने कोप्के सीटला पट्ट्याने बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून ॲमेझॉनच्या जंगलात पडली आणि जगली. विमानातली बाकीची ९१ माणसं गेली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ. त्याच रानात त्यांचं संशोधन केंद्र होतं. पाणी धरून चाललं की माणसं भेटतात, हे वडिलांचं सांगणं तिला आठवलं. झऱ्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत अशी ती चालत, पोहत राहिली. शेवटी काठावर एक होडी आणि जवळच एक झोपडी दिसली. अकराव्या दिवशी तिथे आलेल्या लाकूडतोड्यांनी तिला माणसांत आणलं.

ॲमेझॉनचं खोरं बरंचसं सपाट आहे. तिथे नदी संथ वाहते आणि माणसं नदीवरूनच ये-जा करतात. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या अंगाला मात्र हेच शहाणपण माणसाला धबधब्याच्या माथ्यावर नेऊन उभं करतं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत शोधपथकं ज्यांना दोर लावून बाहेर काढतात, त्यांतले बरेच जण ‘पाणी खाली जातंय म्हणजे गावही तिकडेच असणार’ असं म्हणूनच उतरलेले असतात.

याचं कारण दगडात आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर घट्ट आणि कठीण, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. कठीण थराचा सरळसोट कडा झाला. ठिसूळ थर झिजून त्याची उतरती बैठक झाली, तिच्यावर माती साठली आणि रान वाढलं. म्हणून कोकणातून घाटमाथ्याकडे पाहिलं की डोंगर जिन्यासारखा दिसतो: कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा. झाडीच्या या पट्ट्याला डोंगरातली माणसं पदर म्हणतात. ओढा हा जिना आपल्या पद्धतीने उतरतो. पदरावर तो शहाण्यासारखा वाहतो आणि कडा आला की उडी मारतो. त्याच्या मागून जाणारा माणूस आधी पाच फुटांची पायरी उतरतो, मग आठ फुटांची शेवाळलेली पायरी बसून घसरत उतरतो. पुढे शंभर-दोनशे फुटांचा तुटलेला कडा येतो. तिथून खाली जाता येत नाही, आणि मागे वळावं तर घसरत उतरलेली ती आठ फुटांची पायरी ओल्या बुटांनी चढता येत नाही. वरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात त्याची हाकही विरून जाते.

भंडारदऱ्याजवळ साम्रदला सांधण दरी आहे. गावाजवळून सुरू होते तेव्हा ती एखाद्या घळीइतकी साधी वाटते. तशीच खाली उतरत गेलं की टप्पे लागतात आणि दोराशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. दोर बांधणारी माणसं बरोबर असतात म्हणून लोक ती उतरतात. एकट्याने, अंधार पडताना, आपण कुठे आहोत हे ठाऊक नसताना अशाच दुसऱ्या एखाद्या बिननावाच्या घळीत शिरल्यावर काय होतं, ते वरच्या परिच्छेदात आलंच.

घाटमाथ्याच्या पूर्वेला, मावळात, गोष्ट निराळी. तिथले ओढे उताराउताराने वाहत जाऊन नदीला मिळतात आणि काठाला भातखाचरं, वाड्या लागतात. तिकडे पाण्याच्या मागे गेलेला माणूस रात्री कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीत बसलेला असू शकतो. म्हणजे घरून निघतानाच एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: आज आपण धारेच्या कोणत्या अंगाला फिरणार आहोत? हा प्रश्न निम्म्याहून जास्त ट्रेकर स्वतःला विचारत नसावेत, असा माझा संशय आहे.

वाट चुकते ती बहुधा पदरात, आणि अगदी साध्या कारणाने: ढोरवाटेने. पावसाळ्यानंतर गुरं रोज चरायला जातात आणि त्यांच्या खुरांनी मळलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षा रुंद आणि ठळक होते. दोन वाटा फुटल्या की नवखा माणूस ठळक वाट धरतो. मग ती एका चराईच्या जागी जाते आणि तिथे तिच्या दहा वाटा होऊन सगळ्या गवतात संपतात. ओळखायची कशी? गुराची पाठ कमरेच्या वर फारशी जात नाही, त्यामुळे ढोरवाटेवर फांद्या तोंडावर आपटतात, करवंदीच्या जाळ्या खांद्याला ओरबाडतात. माणसांच्या वाटेवर कुणीतरी कोयत्याने डोक्याच्या उंचीची फांदी तोडलेली दिसते. तो काप तिरका आणि स्वच्छ असतो, मोडलेल्या फांदीसारखा चिंध्या झालेला नसतो. कातळावर पाहावं: पिढ्यान्पिढ्या पावलं पडून दगड गुळगुळीत झालेला असतो, क्वचित खोदलेली पावठी असते. दगडावर दगड रचून ठेवलेले असतात. खिंडीत शेंदूर फासलेला देव असतो आणि त्याच्यापुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलेले दगड नाहीतर पानं-डहाळ्या असतात. त्यातली पानं ताजी असतील तर आज-कालच इथून माणूस गेलाय. आणि जुन्या घाटवाटेवरून सामान लादलेले बैल चढायचे, त्यामुळे ती वळणं घेत, अंगाला सोसेल अशी चढते. आपण घाटवाटेवर आहोत असं समजत असाल आणि हातांनी मुळं धरून उतरावं लागत असेल, तर ती वाट केव्हाच सुटली आहे.

कारवी हा आणखी एक फसवा प्रकार. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते म्हणून तिचे फोटो काढायला गर्दी होते, पण एरवी ती पुरुषभर उंच आणि इतकी दाट असते की चार हातांवरचा सोबती दिसत नाही. तिच्यात शिरलं की क्षितिज, धार, सुळका, ज्यांच्यावरून आपण नकळत दिशा धरत असतो ते सगळं एकदम नाहीसं होतं.

मग माणूस गोल फिरू लागतो. ही दंतकथा असावी अशी शंका शास्त्रज्ञांनाही होती. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान सोमान आणि सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माणसांच्या अंगावर जीपीएस लावून त्यांना सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं आणि सांगितलं, सरळ चाला. ऊन असताना माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात चाललेले चौघेही गोल फिरले आणि त्यांतल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली. आपण इथे आलो होतो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. डोळे बांधल्यावर तर काही जण वीस मीटरहून लहान वर्तुळात फिरत राहिले. एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो म्हणून असं होतं, हा जुना खुलासा टिकला नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे कुठे, याची शरीराची समजूत पावलागणिक थोडी थोडी ढळत जाते. बाहेरची खूण दिसली की ती सुधारते. खूणच नसेल तर सुधारणार कोण?

पावसाळी धुक्यातल्या सह्याद्रीत हीच परिस्थिती असते. कोकणात याला चकवा लागणं म्हणतात. तिन्हीसांजेला रानात शिरलेला माणूस रात्रभर त्याच झाडाशी परत परत येतो आणि पहाटे बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. चकव्यावरचे उतारेही ठरलेले: पुढे चालू नये, खाली बसावं, तंबाखू मळावी, वहाणा काढून डाव्या-उजव्या पायांत उलट्या घालाव्यात, उजाडायची वाट बघावी. भुताचं सोडून द्या. वहाणा बदलायच्या तर माणसाला बसावं लागतं आणि तंबाखू मळायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात धाप कमी होते, हात थरथरायचे थांबतात आणि ‘शेवटची ओळखीची जागा कोणती?’ हा प्रश्न सुचतो. घाबरलेला माणूस चालण्याचा वेग वाढवतो, आणि वाट चुकलेल्याचं खरं नुकसान तिथेच होतं.

थांबण्याचं महत्त्व अमेरिकेतल्या बचाव पथकांना एका मुलाच्या मृत्यूने शिकवलं. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला. शेकडो माणसं शोधत होती, पण तो चालत राहिला आणि वाचला नाही. त्यानंतर शाळकरी मुलांसाठी एक मोहीम सुरू झाली, तिचं सांगणं एवढंच: हरवलास तर जवळच्या झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. मुलाला झाडाचा आधार वाटतो आणि शोधणाऱ्यांचं वर्तुळ मोठं होत जात नाही. आपल्याकडे डोंगरात मुलांना नेणाऱ्या संस्थांनी हे वाक्य निघण्याआधी पोरांकडून पाठ करून घ्यायला हरकत नाही.

आता फोनबद्दल, कारण सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. ते उपग्रहांचे संकेत ऐकतं, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्यावा आणि चालताना आपला माग नोंदवत जावं. मागे वळायची वेळ आली की त्याचा उपयोग होतो. नेटवर्क शोधण्यात बॅटरी झरझर उतरते, म्हणून एरवी फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. पण नकाशातला एक सापळा ओळखून असावं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावर उभं राहून फोन उघडला तर पायथ्याचं बेलपाडा अगदी जवळ दिसतं. फोन आडवं अंतर दाखवतो. मधला कडा त्या चपट्या नकाशात एका रेघेत मावतो. पदरात अडकलेल्या माणसाला असंच एखादं गाव ‘अर्ध्या किलोमीटरवर’ दिसतं आणि तो त्या दिशेने नाकासमोर निघतो.

मग करायचं काय? बसा. पाणी प्या, काहीतरी खा. शेवटची खात्रीची जागा (देव, टाकं, वाटेवरचा रंगवलेला बाण) अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असेल आणि उजेड असेल तर आलेल्या वाटेनेच मागे फिरा, चढ असला तरी. ‘परत एवढं चढायचं?’ या कंटाळ्याने जेवढी माणसं अडकतात तेवढी वाघ-बिबट्याच्या भीतीने अडकत नाहीत. मागची वाट आठवत नसेल तर उतरण्यापेक्षा धारेकडे, सोंडेकडे चढा: वरून गाव दिसतं, फोन लागतो, आणि शोधणाऱ्यांना तुम्ही दिसता. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि घळीत त्याआधीच अंधार होतो, तेव्हा पाच वाजले तरी वाट सापडली नसेल तर तिथेच रात्र काढायची तयारी करा. वाऱ्याच्या आडोशाला बसा, ओले कपडे बदला. पावसात भिजलेल्या अंगाला वारा लागला तर जूनमध्येही माणूस गारठून निकामी होतो. कड्याखाली शेकोटी पेटवण्याआधी वर पाहा. आग्या मोहोळाच्या पोळ्यांना धूर लागला तर वाट चुकल्याचं दुःख तुम्ही विसरून जाल. शिट्टी जवळ असेल तर तीनदा वाजवा, थांबा, पुन्हा तीनदा. घसा बसल्यावरही शिट्टी वाजते.

फोन लागलाच तर ११२ ला लावा. जीपीएसवरचे आकडे वाचून दाखवा, लागत नसेल तर एसएमएसने पाठवा. आवाज पोचत नाही तिथूनही एसएमएस कधीकधी निघून जातो. मात्र २०१३ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात ॲपलाचियन ट्रेलवर ६६ वर्षांची एक अनुभवी बाई वाटेवरून थोडी बाजूला गेली आणि तिला परत वाट सापडली नाही. नेटवर्क मिळावं म्हणून ती उंचावर गेली, मेसेज पाठवत राहिली, ते गेले नाहीत. तंबूत ती किमान २६ दिवस जिवंत होती, हे तिच्या वहीवरून कळलं. दोन वर्षांनी ती सापडली ती जागा वाटेपासून तीन-साडेतीन किलोमीटरच्या आतच होती. फोन हाती असूनही हे झालं. म्हणून आपण कोणत्या वाटेने जातोय आणि कधी परतणार हे कुणालातरी आधीच माहीत असणं जास्त महत्त्वाचं.

शोधायला जाणारी माणसं कोण असतात, तेही माहीत असू द्या. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आपापली कामं टाकून, पदरमोड करून रात्री निघतात. त्यांच्या पुढे असतात पायथ्याच्या वाडीतले ठाकर, महादेव कोळी, कातकरी. एरवी वाटाड्याला चारशे रुपये द्यायला आपण घासाघीस करतो, तीच ही माणसं. अनोळखी वाटेला जाताना वाटाड्या घ्या, आणि तो मागेल ते द्या. घेणार नसाल तर वाडीतल्या शेवटच्या घरी सांगून जा: किती जण, कुठे, केव्हा परत. एकदा मदत मागितली की जिथून फोन केला ती जागा सोडू नका. आणि दुसऱ्या वाटेने सुखरूप उतरलात तर गाडीत बसण्याआधी त्या घरी फोन करून कळवा. नाहीतर तुम्ही घरी झोपलेले असता आणि बॅटऱ्या घेऊन दहा माणसं तुम्हाला रानात शोधत असतात.