दहापैकी किती?

सकाळी ६.३०

घरातले झोपलेले असताना ट्रेनिंग मोड उघडतो. ‘स्ट्रीट फायटर ६’ २ जून २०२३ ला बाजारात आला आणि आज रात्री त्याचं परीक्षण संपादकांच्या हाती पडायला हवं. हा पहिला तास मी एकाच गोष्टीला देतो: बटण दाबल्यावर ठोसा किती वेळात निघतो, आणि तो हुकला तर मी किती वेळ उघडा पडतो. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम सरकतात. या खेळातला सगळा हिशेब त्या फ्रेमचा. खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमनं या वेळी ट्रेनिंग मोडमध्येच फ्रेम दाखवणारी पट्टी दिली आहे. ठोसा सुरू व्हायला लागलेल्या फ्रेम एका रंगात, लागण्याच्या दुसऱ्यात, सावरण्याच्या तिसऱ्यात. पूर्वी हौशी मंडळी खेळाचं चित्रण करून, एकेक फ्रेम पुढे सरकवत हे आकडे काढायची आणि एकमेकांना पुरवायची. स्पर्धेत उतरणाऱ्याला ही पट्टी लाखमोलाची आहे. माझ्या भाचीला ती आहे हेसुद्धा कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

सकाळी ८.००

चहाबरोबर संपादक मॅडमचा निरोप: आठशे शब्द, शेवटी दहापैकी गुण, आणि ते गुण शीर्षकाशेजारी मोठ्या टाइपात जाणार. म्हणजे निम्मे वाचक तेवढंच वाचणार.

सकाळी ९.३०

‘६’वर इतरांनी काय लिहिलंय ते आज वाचत नाही. त्याऐवजी फेब्रुवारी २०१६ मधली, ‘स्ट्रीट फायटर ५’ची जुनी परीक्षणं काढून बसतो. गुणांचा घोटाळा समजून घ्यायला त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तो खेळ अर्धवट बाजारात आला होता. आर्केड मोड नव्हता. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’पासून नाणं टाकून एकामागून एक प्रतिस्पर्धी हरवत जायचं, हीच या मालिकेची ओळख, तीच गायब. गोष्ट म्हणजे प्रत्येक पात्रामागे दोन-चार फुटकळ लढती आणि मधे स्थिर चित्रं. एकट्यानं घरी खेळणाऱ्याला त्यात काही नव्हतं. परीक्षकांनी गुण कापले आणि परीक्षणांचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर सरासरी शंभरपैकी ७७ वर थांबली.

त्याच वर्षी जुलैत लास व्हेगासला ‘ईव्हो’ स्पर्धेत याच खेळासाठी पाच हजारांहून जास्त खेळाडू उतरले. अंतिम फेरी ईएसपीएन २ या वाहिनीवर दाखवली गेली. दक्षिण कोरियाचा ‘इन्फिल्ट्रेशन’ जिंकला. त्या पाच हजारांना आर्केड मोड नको होता. त्यांची तक्रार वेगळीच होती: बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत सुमारे ८ फ्रेम जात होत्या, म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा. समोरच्याची उडी पाहून उत्तर द्यायचं तर तेवढ्यात सगळं हातचं जातं. ही गोष्ट खेळाडूंनी स्वतः मोजून जगापुढे मांडली.

तर ७७ हा आकडा कुणासाठी होता? रविवारी दुपारी एकट्यानं खेळणाऱ्यासाठी तो फार उदार होता. स्पर्धेतल्या माणसाला त्यातून काहीच कळत नव्हतं, कारण तो ज्या गोष्टींसाठी कमी झाला त्यांच्याशी याचं घेणंदेणं नव्हतं, आणि याला जे खुपत होतं ते त्यात मोजलेलं नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये ‘आर्केड एडिशन’ आली आणि पहिली उणीव भरून निघाली, पण मूळ खेळाच्या नावापुढचा आकडा तिथेच राहिला.

सकाळी ११.३०

भाची आली. शाळा उघडायला थोडे दिवस आहेत, त्यामुळे स्वारी मोकळी. ‘६’मध्ये कंट्रोलची तीन रूपं आहेत. ‘क्लासिक’मध्ये सहा बटणं आणि जुन्या हालचाली: हादोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, सोडायचा तर खाली, तिरपं, पुढे आणि मग ठोसा. ‘मॉडर्न’मध्ये तेच एका बटणावर, पण असा सोपा मार्ग घेतला की त्या खास माऱ्याचा जोर २० टक्के कमी. ‘डायनॅमिक’मध्ये कुठलंही बटण दाबा, संगणक प्रसंग पाहून चाल निवडतो, अर्थात ते ऑनलाइन चालत नाही.

“मामा, मला चुन-ली दे.”

डायनॅमिकवर तिनं पाच मिनिटं धुमाकूळ घातला आणि मग स्वतःच म्हणाली, “हे मी करतेय की तोच करतोय?” मॉडर्नवर आली. बटण दाबलं की चुन-लीचा तसाच गोळा, किकोकेन, निघतो, हे लक्षात आल्यावर ती दुरून तोच सोडत बसली. मी उडी मारून आलो तेव्हा गडबडली. चौथ्या-पाचव्या वेळी माझी उडी हवेतच पाडली. आपली चाल जमली हे ओळखून ती जी ओरडली, त्यासाठीच हे खेळ बनतात असं मला वाटतं. तिला हालचाली पाठ कराव्या लागल्या नाहीत, पण अंतर आणि वेळ शिकावी लागली. म्हणजे खेळाचा गाभाच ती शिकली.

मग ‘वर्ल्ड टूर’. स्वतःचं पात्र बनवून मेट्रो सिटीत भटकायचं. हे शहर १९८९ च्या ‘फायनल फाइट’मधलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही आव्हान देता येतं, आणि तो खरंच हातातलं काम सोडून भिडतो. तिला हे फार आवडलं.

“उद्या मैत्रिणीला आणते. दोघी मिळून फिरता येईल ना इथे?”

नाही. समोरासमोर लढता येतं, पण वर्ल्ड टूर एकट्याचीच. माझ्या वहीत हे ठळक लिहिलं, कारण घरासाठी खेळ घेणाऱ्या आईबापांचा प्रश्न नेमका हाच असणार.

दुपारी २.३०

जेवणानंतर डोळे मिटून एक लढत. ध्वनीच्या सेटिंगमध्ये अशी सोय आहे की प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे, मारा वर आला की पायाशी, हे वेगवेगळ्या आवाजांवरून कळतं. न दिसणाऱ्या खेळाडूसाठी ती केलेली आहे. मी लवकर हरलो, पण तो कुठे आहे ते समजत होतं. कॅज्युअल आणि हार्डकोर या दोन कप्प्यांत न बसणारा हा तिसरा खेळाडू, आणि त्याच्यासाठीचं हे काम दहापैकी कितीमध्ये मोजायचं?

दुपारी ४.००

ठाण्याचा मित्र ऑनलाइन आला. तो स्पर्धा खेळतो. आमची लढत अगदी जवळ बसून खेळावी तशी चालली. ‘६’मध्ये रोलबॅक आहे: समोरच्याची चाल पोचायच्या आत खेळ अंदाज बांधून पुढे जातो आणि चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो. नंतर सिंगापूरच्या एका खेळाडूशी लढलो. तिथे मधूनमधून पात्रं जागची उडत होती. कॅलिफोर्नियात बसून दिलेल्या गुणांत पुण्यातून काय दिसतं ते येणार नाही. ते आपणच लिहायला हवं.

“मॉडर्नवाल्यांपुढे उडी मारायची सोय राहिली नाही,” तो म्हणाला. “एका बटणावर शोर्युकेन, उडी हवेतच पाडणारा ठोसा.”

“त्याचे वीस टक्के देतायत ना ते.”

“देऊ देत. वेळ वाचतो त्याचं काय? आणि झपकन पुढे धावायची ती चाल, ड्राइव्ह रश, बघ. आज मजा वाटतेय. तीन महिन्यांनी प्रत्येक जण तोच वापरत असेल की त्यावर तोड निघेल, हे तुला आत्ता कसं कळणार?”

“नाही कळणार.”

“मग मला गुण देऊ नकोस. बटणाला किती फ्रेम लागतात ते सांग, लाइन कशी चालते ते सांग. गुण भाचीला दे.”

हे वाक्य मी तसंच उचललं.

संध्याकाळी ६.३०

लिहायला बसतो. जपानच्या ‘फामित्सु’ साप्ताहिकाचा विचार डोक्यात आहे. तिथे चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चारही आकडे शेजारी शेजारी छापतात. आवडीनिवडी वेगळ्या असणार हे त्या रचनेनंच मान्य केलंय. मला ती फार प्रामाणिक वाटते. पण जगभर चर्चा होते ती बेरजेची. १९९८ मध्ये ‘झेल्डा: ओकॅरिना ऑफ टाइम’ला पहिल्यांदा ४० पैकी ४० मिळाले, हे सगळ्यांना पाठ. २००५ मध्ये कुत्र्याची पिल्लं सांभाळायच्या ‘निन्टेन्डॉग्ज’लाही ४० मिळाले. दोन्ही खेळ आपापल्या जागी उत्तम, पण त्या चाळिसावरून कुणाला कुठला घ्यावा हे ठरवता येईल का?

आणि हे आकडे वाचकांपुरते राहत नाहीत. २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’साठी ऑब्सिडियन या कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गाठल्यास बोनस मिळणार होता, सरासरी ८४ आली आणि बोनस गेला. हे कंपनीच्याच ख्रिस अव्हेलोननं २०१२ मध्ये सांगितलं. खेळाडूच्या मदतीसाठी दिलेला आकडा बनवणाऱ्याच्या पगारात शिरतो. मग आर्केड मोडसाठी कापलेला अर्धा गुण आणि लॅगसाठी कापलेला अर्धा गुण एकाच गाळणीतून जाऊन कुणाच्या तरी डोक्यावर पडतात.

साडेआठपर्यंत आठशे शब्द झाले. निम्मे घरी खेळणाऱ्यांसाठी, निम्मे रँक चढणाऱ्यांसाठी, मधे स्पष्ट रेघ.

रात्री ९.००

मॅडमचा फोन. “गुण कुठायत?”

“पहिल्या भागाला ९. दुसऱ्याला नाहीत.”

“अरे, एकाला गुण आणि दुसऱ्याला नाही, असं कसं छापू? लोक म्हणतील पान चुकलं.”

मी त्यांना मित्राचं वाक्य सांगितलं, आणि ‘५’चं ते ७७. ९ हा आकडा मॉडर्न कंट्रोलवर, घरातल्या दोघांनी खेळताना आणि वर्ल्ड टूरमध्ये भटकताना मिळालेला आहे, तो मी कुणापुढेही ठामपणे सांगेन. रँकवाल्यांसाठी आज आकडा द्यायचा म्हणजे अंदाज विकणं झालं. त्यांना मी फ्रेम दिल्यात, लाइन कशी चालते ते दिलंय, मॉडर्नची किंमत दिली आहे.

थोडी ओढाताण झाली. शेवटी ठरलं: शीर्षकाशेजारी ९, आणि त्याखाली त्याच टाइपात ‘घरी, मॉडर्न कंट्रोलवर’. दुसऱ्या भागावर चौकट नाही. ईव्हो ऑगस्टमध्ये आहे. ती झाल्यावर अर्धा कॉलम मोकळा ठेवायचं मॅडमनी कबूल केलं. तोवर ड्राइव्ह रशचं काय होतं ते बघायला मित्राच्या रोजच्या लढती लागतील. त्या जपून ठेव, असा निरोप त्याला आत्ताच धाडला.