रंगवलेल्या खिडक्यांचा किनारा

इटलीच्या वायव्येस जिनोआ नावाचे जुने बंदर आहे. कोलंबसाचे गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याची आपली ओळख झालेली असते. या बंदराच्या पूर्वेकडील किनारपट्टीला ‘रिव्हिएरा’ म्हणतात. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता ‘किनारा’; पण तो उच्चारताच डोळ्यांपुढे येतात त्या धनिकांच्या पांढऱ्याशुभ्र नौका, सिनेतारका आणि उंची हॉटेले. माझा थोरला भाऊ जिनोआत संशोधन करतो. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो असता एका दिवसात, साध्या पॅसेंजर गाडीने आणि लाँचने, आम्ही यातली चार ठिकाणे पाहिली. हे वैभव कशावर उभे आहे, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे.

जिनोआहून सांता मार्गेरिता हे अंतर गाडीने पाऊण तासाच्या आतबाहेरचे. डोंगर थेट समुद्रात उतरत असल्यामुळे रूळ कड्याच्या कडेने आणि बोगद्यांतून जातात. बोगदा संपला की समुद्र, समुद्र दिसतो न दिसतो तोच पुन्हा बोगदा! ही रेल्वे १८६८ साली या भागात पोहोचली. तोवर इथली माणसे मासेमारी करीत, पोवळी काढायला दूरच्या समुद्रात जात, आणि बायका घरी बसून लेस विणीत. गाडी आली तसे थंडी चुकवायला आलेले परदेशी पाहुणे आले आणि कोळ्यांच्या गावांची विश्रामस्थाने झाली.

सांता मार्गेरितात एक गंमत दिसते. गुलाबी, पिवळ्या घरांच्या भिंतींवर कोरीव कमानी, नक्षी, खिडक्या असतात. जवळ जाऊन पाहावे तर त्यातल्या कित्येक नुसत्या रंगवलेल्या! दगडात कोरून घेण्यापेक्षा रंगाऱ्याकडून काढून घेणे स्वस्त, म्हणून या किनाऱ्यावर ही कला फोफावली. आज जे श्रीमंती वाटते, त्याच्या मुळाशी अशी काटकसर आहे.

स्टेशनाच्या पाटीवर ‘सांता मार्गेरिता–पोर्तोफिनो’ असे जोडनाव असले तरी पोर्तोफिनोला रेल्वे जात नाही. ते तिथून पाचेक किलोमीटरवर आहे. कड्याला बिलगून जाणारा एक अरुंद रस्ता, नाहीतर पंधरा मिनिटांची लाँच. आम्ही लाँच धरली. वळण घेताच डोंगराच्या कुशीतले चिमुकले बंदर समोर येते. वर जो किल्ला दिसतो, तिथे राहिलेल्या एलिझाबेथ फॉन आर्निम या लेखिकेची ‘द एन्चँटेड एप्रिल’ ही कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजीच्या विद्यार्थिमित्रांनी ती अवश्य मिळवावी.

गाव इतके नेटके कसे राहिले? एक कारण म्हणजे तिथे पोहोचण्याची अडचण. दुसरे, १९३५ सालीच हा सारा डोंगर कायद्याने संरक्षित झाला आणि मनमानी बांधकामाला आळा बसला. पण याला दुसरी बाजू आहे. जागा वाढत नाही आणि मागणी थांबत नाही, तेव्हा घरांच्या किमती आभाळाला भिडतात. आज गावचे कायम रहिवासी जेमतेम चारशेच्या घरात आहेत. उलट पाहुण्यांची गर्दी इतकी, की फोटोसाठी रेंगाळून वाट अडवणाऱ्यांना दंड करण्याचा नियम २०२३ साली करावा लागला. लाँचवरच्या एका खलाशाला दादाने विचारले, “तुम्ही इथलेच का?” तो म्हणाला, “आजोबा इथले. मी रापाल्लोत राहतो. इथे घर आम्हाला कुठले परवडायला!”

पुढची लाँच सान फ्रुत्तुओसोला नेते. इथे रस्ता नाहीच. यायचे ते पाण्यातून किंवा डोंगरातल्या पायवाटेने. किनाऱ्यावर जुना बेनेडिक्टिन मठ आहे आणि त्यात जिनोआच्या दोरिया या सरदार घराण्याच्या कबरी. त्या उमरावांच्या सोबतीला एका सामान्य बाईलाही जागा मिळाली आहे. १८५५ साली क्रायमियाच्या युद्धावर निघालेले एक ब्रिटिश जहाज इथे पेटले, तेव्हा मारिया आव्हेन्यो आपली होडी घेऊन बुडणाऱ्यांना वाचवायला गेली आणि स्वतः बुडाली. मठाच्या समोर, समुद्रात सुमारे १७ मीटर खोल, १९५४ साली ठेवलेला हात उंचावलेल्या येशूचा पुतळा आहे. पाहुण्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असतो तो पुतळा. मला मात्र मारियाची कबर अधिक बोलकी वाटली.

शेवटचा थांबा कामोल्यी. एकोणिसाव्या शतकात या लहानशा गावाची शेकडो शिडाची जहाजे जगभर फिरत होती. आपसांत विमा उतरवण्यासाठी गावच्या जहाजमालकांनी १८५३ साली स्वतःची संस्था काढली. पुढे आगबोटी आल्या आणि शिडांचे वैभव ओसरले. ज्या वाफेने पोर्तोफिनोजवळ पाहुणे आणले, तिनेच कामोल्यीचा धंदा बुडवला! इथून संध्याकाळच्या गाडीने जिनोआला परत जाता येते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये वादळी लाटांनी पोर्तोफिनोचा तो एकुलता रस्ता तोडला. तो पुन्हा सुरू व्हायला २०१९ चा एप्रिल उजाडला. त्या काळात एवढ्या श्रीमंत गावाला होड्यांचाच आधार होता. समुद्र ओळखणारी माणसे गावाला कशासाठी हवी असतात, ते अशा वेळी कळते.

आपल्याकडेही किनारी गावांत पर्यटन वाढावे, असे आपण उत्साहाने बोलतो. ते वाढावेच. पण डोंगर राखणारा कायदा करणे एक, आणि त्या डोंगराखाली गावकऱ्यांचे बिऱ्हाड टिकवणे वेगळे. पोर्तोफिनोने पहिले साधले, दुसरे त्याला साधलेले नाही. भिंतीवर खिडकी रंगवता येते. पण संध्याकाळी तिच्यात दिवा लागायचा, तर घरात माणूस राहायला हवा.