शाळेतला टीव्ही बंद का असतो?

बोईसर, तारापूर, मनोर, पालघर या पट्ट्यात आम्ही शिकवतो. कुणी मराठी शाळेत, कुणी उर्दू माध्यमात. पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, "सर, वर्गात एवढा मोठा टीव्ही लावलाय, मग तो चालू का नसतो?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात बसत नाही, म्हणून हा लेख.

वस्तू येते, पुढचा खर्च कुणाचा?

समग्र शिक्षा योजनेत संगणक कक्ष आणि स्मार्ट क्लासरूमसाठी पैसा आहे, पण तो सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी. पाड्यावरची शाळा बहुतेक वेळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. तिथे टीव्ही किंवा टॅब येतो तो लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीकडून, नाहीतर कंपनीच्या सीएसआरमधून. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तारापूर एमआयडीसी शेजारी असल्यानं आपल्या भागाकडे ही मदत येऊ शकते, आणि ती आली की आम्हाला आनंदच होतो.

पण देणगी एकदाच येते. नारळ फुटतो, फोटो निघतो, पाहुणे जातात. दोन पावसाळ्यांनी स्क्रीनवर रेषा दिसायला लागतात, इन्व्हर्टरची बॅटरी बसते, नेटचं रिचार्ज संपतं. शाळेला पटसंख्येनुसार वर्षाला साधारण १० हजार ते १ लाख रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. लहान शाळेच्या वाट्याला खालचा आकडा. त्यातच खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. बिल थकलं आणि वीज तुटली की टीव्ही ही भिंतीवरची शोभेची वस्तू होते. रिचार्ज तर बहुतेक शिक्षक स्वतःच्या खिशातूनच मारतात.

मोबाईल हातात, पण वर्गासाठी नाही

दुसरं कारण पालकांना दिसत नाही. तंत्रज्ञान शाळेत आलं ते आधी माहिती गोळा करायला, शिकवायला नंतर. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली. मग यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार पडताळणी, डिसेंबर २०२३ पासून चॅटबॉटवर हजेरी, आणि पुढे 'अपार' आयडी.

यातली आधार पडताळणी आपल्या समाजातल्या पालकांनी नीट समजून घ्यायला हवी. जनरल रजिस्टरला 'मोहम्मद', आधारवर 'मो.', जन्मदाखल्यावर 'मोहंमद'. आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. उत्तर प्रदेश-बिहारमधून बोईसरला कामासाठी आलेल्या कुटुंबांचे कागद आणखी वेगळे. यंत्राला हे सगळे एकच मूल आहे हे कळत नाही. नोंद जुळली नाही की मूल वर्गात बसलेलं असूनही पटावर मोजलं जाईल की नाही, ही धास्ती. शिक्षकांची पदं पटावरच ठरतात, त्यामुळे हा नुसत्या स्पेलिंगचा घोळ राहत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. ॲप भरणं शैक्षणिक की अशैक्षणिक, यावर वाद चालू राहील. वेळ मात्र वर्गाचाच जातो. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. त्यातला एक सर्व्हर सुरू व्हायची वाट बघत बसला, की दुसऱ्याच्या अंगावर सगळे वर्ग.

उर्दूची वेगळी अडचण

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि आपली मुलं ती नस्तालिक वळणात वाचायला शिकतात. अक्षरं तिरकी उतरत एकमेकांना जोडली जातात. पुष्कळ फोनवर आणि टीव्हीवर मात्र उर्दू मजकूर नस्ख या सरळ वळणात दिसतो. मोठ्यांना तो वाचता येतो, पण दुसरीतलं मूल अडखळतं. पुस्तकातलं अक्षर वेगळं आणि पडद्यावरचं वेगळं. ॲपलसारख्या कंपनीनंही आयफोनवर उर्दूसाठी नस्तालिक दिलं ते २०१७ मध्ये. शिवाय कितीतरी वर्षं उर्दूचं टायपिंग 'इनपेज'वर झालं. त्यातला जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय मोबाईलवर नीट उघडत नाही. मराठीत चांगला व्हिडिओ शोधायला पाच मिनिटं लागतात, उर्दूत त्याच पाठासाठी रात्र जाते. शेवटी शिक्षिका स्वतःच आवाज रेकॉर्ड करते.

तरीही आम्हाला आशा का आहे?

कारण जिथे जमलं, ते आपल्याच राज्यातल्या साध्या शाळांत जमलं. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी मुलांच्या हातात टॅब दिले, आणि ती शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून कविता आणि पाठ मुलांना ऐकवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. दोन्हीकडे सुरुवात वर्गातल्या अडचणीपासून झाली. यंत्र नंतर आलं.

उलटं झालं की काय होतं, ते पेरू देशात दिसलं. तिथे १० लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, पण ते शिकवण्याशी जोडले नाहीत. मुलांचं शिकणं सुधारलं नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात हे उदाहरण आहे. घरच्या मोबाईलचंही तसंच. 'असर' २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आठवड्याभरात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के.

आमच्या अनुभवात छोट्या गोष्टी टिकतात. 'दीक्षा' ॲपवरचे पाठ नेट असलेल्या ठिकाणी डाउनलोड करून घेतले की वर्गात नेट लागत नाही. बालभारतीची पुस्तकं, उर्दूसुद्धा, ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मराठी आणि उर्दूत बोलून टाइप करता येतं. घरी वारली किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकता आली, की त्याची भीड मोडते. हृदय रक्त कसं ढकलतं, हे फळ्यावर काढून जेवढं समजतं त्याहून दोन मिनिटांच्या चित्रफितीत जास्त समजतं. पण 'तू काय पाहिलंस, सांग' हे विचारायला माणूसच लागतो.

पालकांनी काय करावं?

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत तिचं काम सल्ल्यापुरतं आहे, पण सल्लाही लेखी देता येतो. तेव्हा सभेला या आणि तीन गोष्टी मांडा. देणगीत यंत्रासोबत तीन वर्षांची दुरुस्ती आणि नेटचा खर्च मागायचा. वीजबिलाची तरतूद आराखड्यात वेगळी दाखवायची. आणि मुलाचं नाव आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरवर एकसारखं करून घ्यायचं.

यातली तिसरी गोष्ट तर आज रात्रीच सुरू करता येईल. कागद काढा आणि नावं ताडून बघा. तेवढाच आमचा वेळ वाचेल, आणि तो तुमच्या मुलांच्या वर्गात जाईल.