हवाई मैलांचा कस

कोलकात्याच्या बडा बाजार आणि बहूबाजार या भागांतील सराफी पेठांमधून फिरताना अचानक सांगली जिल्ह्यातील मराठी कानी पडते. जुने दागिने आणि कारागिरीतील घस वितळवून त्यांतून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढण्याचा व्यवसाय, म्हणजे गलाई, खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील कुटुंबांनी भारतभर नेला आणि त्यांतील काही कुटुंबे पिढ्यांपूर्वी या शहरात स्थिरावली. एके काळी गावी जायचे म्हणजे हावड्याहून गीतांजली किंवा आझाद हिंद एक्स्प्रेस पकडायची, हे ठरलेले असे. आज त्यांतील पुष्कळ जण दमदमच्या विमानतळावरून मुंबईला किंवा पुण्याला उतरतात आणि पुढे मोटारीने विट्याकडे जातात.

अशाच एका ग्राहकांनी एका दुपारी माझ्या टेबलावर एका विमान कंपनीच्या खात्याचा उतारा ठेवला. गावाकडच्या आईला एकदा विमानाने कोलकात्यास आणून दुर्गापूजा दाखवावी, या हेतूने त्यांनी तीन वर्षे पॉइंट साठविले होते. तिकीट काढावयास गेले तेव्हा त्यांतील मोठा भाग मुदत संपून बाद झालेला होता. "साहेब, सोनं तीन वर्षांनी नाहीसं होत नाही," ते म्हणाले, "मग हे कसं झालं? आणि आता कोणत्या कंपनीचं खातं घेऊ?" त्यांना दिलेले उत्तर जरा लांबले. तेच येथे मांडत आहे, कारण हा प्रश्न पुष्कळ ग्राहकांचा असतो आणि आपल्या सहकाऱ्यांचाही.

नियमित प्रवाशाला बक्षीस देण्याच्या योजनेचे आजचे रूप १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' या नावाने रूढ केले. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात जमा, अशी सरळ कल्पना होती. आज 'मैल' हा शब्द बहुतांशी नावापुरता उरला आहे. अमेरिकेतील डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर मैल देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे एअर इंडियानेही २०२४ मध्ये 'फ्लाइंग रिटर्न्स' योजनेची फेररचना करून हाच मार्ग धरला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, 'क्लब विस्तारा'चे सदस्य एअर इंडियाच्या योजनेत आले आणि एकत्रित योजनेला 'महाराजा क्लब' हे नाव मिळाले. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक प्रवासी वाहून नेणाऱ्या इंडिगोकडे मात्र दीर्घ काळ अशी योजनाच नव्हती. 'ब्लूचिप' ही तिची योजना २०२४ मध्येच आली. त्यामुळे कोलकात्याहून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या सामान्य प्रवाशापुढे खरी निवड उभी राहिली ती अगदी अलीकडे.

निवड करताना बहुतेक जण पाहतात ती एकच गोष्ट : शंभर रुपयांमागे पॉइंट किती? हा प्रश्न अपुरा आहे, हे गलाईवाल्याला सांगावे लागत नाही. तो कोणताही जिन्नस केवळ वजनावर घेत नाही. त्याचा टंच किती, हे आधी पाहतो. पॉइंटचाही टंच काढता येतो. जे तिकीट आपण खरोखर घेणार आहोत त्याचे रोख भाडे पाहावे. तेच तिकीट पॉइंटवर घेतल्यास जो कर व जे अधिभार तरीही रोखीने भरावे लागतात, ते त्यातून वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटने भागावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोलकाता-मुंबई तिकीट ७,००० रुपयांचे आहे, त्यात कर व शुल्क १,००० रुपये आणि मूळ भाडे ६,००० रुपये. 'क' योजना मूळ भाड्याच्या शंभर रुपयांमागे ६ पॉइंट देते, पण या तिकिटासाठी १२,००० पॉइंट व १,००० रुपये मागते. म्हणजे पॉइंटची किंमत झाली ५० पैसे आणि शंभर रुपयांमागे परतावा ३ रुपये. 'ख' योजना ४ पॉइंटच देते, पण तिकीट ६,००० पॉइंट व १,००० रुपयांत देते. येथे पॉइंटची किंमत एक रुपया आणि परतावा ४ रुपये. कमी पॉइंट देणारी योजना अधिक लाभाची ठरली.

आता हाच हिशेब उलट बाजूने पाहा. या एका प्रवासावर 'क'मध्ये १८० रुपयांचे पॉइंट मिळाले, 'ख'मध्ये २४० रुपयांचे. तिसऱ्या कंपनीचे तिकीट त्याच दिवशी, सोयीच्या वेळी, ३०० रुपयांनी स्वस्त मिळत असेल, तर दोन्ही योजना बाजूला ठेवून ते घेणेच शहाणपणाचे. माझ्या मते योजनेची निष्ठा प्रवाशाने येथेच मोडली पाहिजे. आणि बहुतेक जण नेमके येथेच ती पाळतात!

आमच्या ग्राहकांच्या उताऱ्यात दोष कोठे होता, तेही याच आकड्यांवरून दिसते. 'ख'मधील फुकट तिकिटास ६,००० पॉइंट हवेत आणि एका बाजूच्या प्रवासाला २४० मिळतात, म्हणजे २५ प्रवास झाले पाहिजेत. वर्षातून दोनदा गावी जाऊन येणाऱ्या एकट्या माणसाचे वर्षाला चार प्रवास होतात. २५ प्रवासांस सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. पॉइंटची मुदत तीन वर्षांची असेल तर तोवर २,८८० पॉइंट जमतील आणि सर्वांत जुने गळू लागतील. ही गळती हौदाच्या तळाला असलेल्या छिद्रासारखी आहे. वरून कितीही ओतले तरी पातळी ठरावीक रेषेपलीकडे चढत नाही. परंतु तेच पती-पत्नी आणि दोन मुले असे चौघे प्रवास करीत असतील आणि योजना सर्वांचे पॉइंट एका खात्यात जमा करू देत असेल, तर वर्षाला १६ प्रवास होतात आणि पहिले तिकीट दुसऱ्या वर्षातच हाती येते. वर्षाला दोन-चार वेळा उडणाऱ्या कुटुंबासाठी म्हणूनच मी शंभरामागील पॉइंटपेक्षा कौटुंबिक खात्याची सोय अधिक महत्त्वाची मानतो. एमिरेट्सच्या 'स्कायवर्ड्स'सारख्या परदेशी योजनांत ती आहे. अन्यत्र सदस्य होण्यापूर्वी विचारून घ्यावी.

मुदतीचेही दोन प्रकार असतात व त्यांतील भेद मोठा आहे. काही योजनांत पॉइंट जमा झाल्यापासून ठरावीक काळाने बाद होतातच. सिंगापूर एअरलाइन्सच्या 'क्रिसफ्लायर'मध्ये हा काळ तीन वर्षांचा आहे. अन्य काही योजनांत खात्यात एखादी जमा वा नावे नोंद झाली की मुदतीचे चक्र पुन्हा आरंभापासून सुरू होते. ब्रिटिश एअरवेजचे 'एव्हिऑस' ३६ महिने खाते निष्क्रिय राहिले तरच बाद होतात. क्वचित उडणाऱ्याला दुसरा प्रकार निःसंशय बरा.

परदेशी कंपन्यांचा उल्लेख झालाच आहे तर कोलकात्याचा एक अनुभव सांगितला पाहिजे. ब्रिटिश एअरवेजने २००९ मध्ये आणि लुफ्थान्साने २०१२ मध्ये या शहराची सेवा बंद केली. ज्यांनी त्यांचे मैल साठविले होते त्यांना ते खर्चण्यासाठी आधी दिल्ली वा मुंबई गाठणे भाग पडले. योजना कितीही आकर्षक असो, तिचे विमान आपल्या गावच्या धावपट्टीवर उतरते का, हा पहिला प्रश्न. दुसरा, तिची भागीदार विमाने उतरतात का? १९९७ मध्ये स्थापन झालेल्या 'स्टार अलायन्स'मध्ये एअर इंडिया २०१४ च्या जुलैमध्ये सामील झाली. सिंगापूर एअरलाइन्स आणि थाई एअरवेज याच संघातील असून दोन्ही कोलकात्यास येतात. एअर इंडियाच्या प्रवासाचे पॉइंट क्रिसफ्लायरमध्ये जमा करणे किंवा उलट करणे त्यामुळे शक्य होते. मात्र एका प्रवासाचे पॉइंट एकाच खात्यात जातात आणि स्वस्त श्रेणीच्या तिकिटांवर भागीदार कंपनी फार थोडे, कधी शून्यही देते. ब्रिटिश एअरवेजच्या बाबतीतही नंतर एक दार उघडले. कतार एअरवेजने २०२२ मध्ये आपल्या योजनेसाठी 'एव्हिऑस' हेच चलन स्वीकारले. कतारचे विमान कोलकात्याहून दोह्यास जाते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या आणि दोहा, दुबई अथवा अबुधाबी मार्गे जाणाऱ्या पालकांनी आपण नेहमी कोणता मार्ग धरतो ते पाहून एकच योजना निवडावी. दर प्रवासाला वेगळे खाते उघडले तर चार खात्यांत चार अपुऱ्या रकमा पडून राहतात.

चांदीचे वा सोन्याचे सदस्यत्व, विश्रामकक्ष, जादा सामान या सवलतींविषयी येथे फार लिहीत नाही. महिन्यातून दोन-तीनदा उडणाऱ्या व्यापाऱ्याला त्या उपयोगी आहेत. इतरांनी त्यांच्या मोहाने एखादा अनावश्यक प्रवास करू नये, इतकेच.

बँकेतील माणसाला या योजनांत सर्वाधिक रस वाटतो तो त्यांच्या हिशेबात. आपण पॉइंट मिळविला की कंपनीच्या ताळेबंदात तो दायित्व म्हणून बसतो. भारतीय लेखा मानक ११५ नुसार, जे १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, तिकिटाच्या रकमेतील काही भाग पॉइंटपोटी बाजूला ठेवावा लागतो आणि तो वापरला गेल्यावर किंवा बाद झाल्यावरच उत्पन्न म्हणून धरता येतो. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, याचाही अंदाज त्यात असतो. आपल्या विसराळूपणाला ताळेबंदात जागा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. या योजना किती मौल्यवान असतात ते २०२० च्या महामारीत दिसले. युनायटेडने आपली 'मायलेजप्लस' योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले.

परंतु ठेवीदार आणि पॉइंटधारक यांत मूलभूत अंतर आहे. मुदत ठेवीचा दर ठरला की तो मुदतीपर्यंत टिकतो, त्यावर व्याज मिळते आणि बँक अडचणीत आली तरी पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा आहे. पॉइंटवर व्याज नाही, विमा नाही, आणि तिकिटास किती पॉइंट लागतील हे कंपनी एकतर्फी बदलू शकते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि 'किंग क्लब'मधील पॉइंट निरर्थक झाले. जेट एअरवेजची कथा थोडी निराळी. तिची 'जेटप्रिव्हिलेज' योजना स्वतंत्र कंपनीकडे होती व त्या कंपनीत एतिहादचे ५०.१ टक्के भाग होते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उतरल्यावरही योजना जिवंत राहिली आणि त्याच वर्षी तिचे 'इंटरमाइल्स' असे नामांतर झाले. मैल वाचले, पण ते ज्या विमानांसाठी साठविले होते ती विमानेच उरली नाहीत. म्हणूनच पॉइंट दीर्घ मुदतीने साठवू नयेत. एका तिकिटापुरते जमले की वापरावेत.

क्रेडिट कार्डावर पॉइंट मिळवून ते विमान योजनेत वळविता येतात, ही सोय चांगली आहे, कारण वळवेपर्यंत ते एका कंपनीशी बांधलेले नसतात. परंतु देयक वेळेवर आणि पूर्ण भरणाऱ्यासाठीच. थकबाकीवर अनेक कार्डे महिन्याला ३ टक्क्यांहून अधिक व्याज आकारतात. एका महिन्याचे व्याज वरच्या 'क' योजनेचा सारा परतावा गिळून टाकते.

राहिला प्रश्न पॉइंट केव्हा वापरावेत याचा. पूजेच्या आणि दिवाळीच्या दिवसांत कोलकात्याची भाडी चढतात. ज्या योजनेत तिकिटाचे पॉइंट ठरलेले असतात तेथे अशा वेळी पॉइंटचा टंच चांगला लागतो, पण त्या आसनांची संख्या मर्यादित असते व ती लवकर संपतात. जेथे पॉइंट भाड्याबरोबर वरखाली होतात तेथे घाई करण्याचे कारण नाही. पॉइंटची किंमत वर्षभर जवळपास सारखीच राहते.

आमच्या ग्राहकांनी पुढे हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात भेट झाली तेव्हा आपला निर्णय सांगितला. गेल्या दोन वर्षांत आपण प्रत्यक्षात कोणत्या कंपनीच्या विमानाने किती वेळा गेलो, याची त्यांनी वहीत यादी केली होती. ज्या कंपनीची नोंद सर्वाधिक होती, तिच्या योजनेत चौघांची नावे घातली आणि जुन्या खात्यात उरलेले पॉइंट मुंबईच्या एका प्रवासात संपविले. आईचे तिकीट मात्र पूजेच्या तीन महिने आधी रोखीने काढले, कारण भाव पाहता तेच स्वस्त पडत होते. खिडकीजवळच्या आसनाचे पैसे वेगळे पडले. तेवढे त्यांनी हिशेब न करता भरले.