विमानातून मोजलेली ओल

विहिरीत पाणी थोडे आणि पीक उभे. आज पाणी द्यावे की चार दिवस थांबावे? आपण माती मुठीत घेऊन ठरवतो. हीच ओल विमानातून कळेल का, हे २०१२ साली कॅनडात पाहिले गेले.

विनिपेग शहराच्या दक्षिणेस, गहू, मका व सोयाबीनच्या शेतांवरून, जून-जुलैत अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे विमान सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीवरून फिरले. त्यावरील रडार २४ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी खाली सोडी व परत आलेली लहर मोजी. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त लहर परतवते, त्यावरून ओल कळते. ढग वा अंधार आड येत नाही.

पण ढेकळे आणि उंच पीक यांनीही लहर विस्कटते. म्हणून माणसे शेतात उतरून ओल मोजीत व रडारचे आकडे ताडून पाहत.

अशाच लहरींचे रडार असलेला 'इस्रो' व 'नासा' यांचा 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. दर बारा दिवसांनी त्याच मार्गावर परतावे, अशी त्याची आखणी आहे.

तरी शेतकरी बंधूंनो, एक ध्यानात ठेवा. रडारला साधारण वरच्या पाच सेंटिमीटरांची ओल कळते. मुळे त्याहून खाली जातात. म्हणून पाणी देण्याआधी कुदळीने वीतभर खणा, तिथली माती मुठीत दाबा. गोळा टिकला तर थांबा. भुगा झाला तर पाणी द्या. वाळूसर जमिनीत गोळा वळत नाही, तिथे हाताला गारवा लागतो का ते पाहा.